वाढदिवसाचं जंगल

आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुना गुलमोहर आहे. त्याच्या शेंड्याजवळच्या फांदीत चारचा एक रुपेरी आकडा अडकून बसला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या चौथ्या वाढदिवसाला तो गच्चीवर आणला होता. दोरी सुटली, गॅस भरलेला आकडा वाऱ्यावर गेला आणि झाडात जाऊन अडकला. दिसायला कागद, पण तो कागद नव्हे; प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा मुलामा. त्याच्यावरून एक अख्खा पावसाळा गेला, गुलमोहराची पानं झडली आणि पुन्हा आली. तो मुलगा पाच वर्षांचा होऊन गेला, फुगा मात्र अजून चारच वर्षांचा आहे.

मी खिडकीतून त्या आकड्याकडे पाहत होते, तेव्हा मागे घरात आमच्या नातीच्या वाढदिवसाची चर्चा चालली होती. ८ नोव्हेंबर २०२५ ला ती पाच वर्षांची व्हायची होती. सुनेनं मोबाइलवर एक योजना काढून दाखवली. तिचं नाव 'जंगल थीम'. वातानुकूलित हॉल, भिंतीभर प्लास्टिकच्या वेली, सिंहाच्या पोशाखातला एक माणूस, चाळीस मुलांना प्राण्यांचे मुखवटे आणि निघताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. पिशवीत प्लास्टिकचे सहा प्राणी. मी चष्मा लावून पाहिलं तर त्यात एक पेंग्विन होता.

"जंगलात पेंग्विन कुठला गं?"

"आई, सेटमध्येच येतो तो," सून म्हणाली.

आणि हा हॉल कुठे, तर बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. बिबळे, हरणं, दोन तलाव आणि दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली लेणी असलेलं शंभरेक चौरस किलोमीटरांचं खरं जंगल रस्त्यापलीकडे ठेवून आम्ही खोट्या जंगलाचं भाडं भरणार होतो.

माझा चेहरा पाहून मुलानं दुसरी योजना काढली. ही 'इको-फ्रेंडली'. पहिलीपेक्षा महाग. तोच हॉल, पण वेली कापडाच्या. पिशव्या तागाच्या, पिशवीत बांबूचा टूथब्रश, पेरता येणारी पेन्सिल आणि मातीची एक इवली कुंडी. मुलं तेवढीच, चाळीस. मला पहिली योजना बरी वाटली. निदान ती कसला आव तरी आणत नव्हती. गरज नसलेल्या चाळीस वस्तू प्लास्टिकच्या असल्या काय आणि बांबूच्या असल्या काय, त्या बनवायला, वाहून आणायला आणि शेवटी फेकायला खर्च पडतोच. पाच वर्षांच्या मुलाच्या घरी टूथब्रश नसतो का? पर्यावरण हा नुसता कच्च्या मालाचा प्रश्न नाही, तो आधी संख्येचा प्रश्न आहे. पण संख्येला हात घातला की घराघरांत भांडणं होतात, म्हणून आपण कच्चा माल बदलून मोकळे होतो.

आमच्याकडेही झालंच भांडण. सुनेकडे एक वही आहे. कुणाच्या वाढदिवसाला आपण गेलो, काय दिलं, त्यांनी काय दिलं, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. लग्नातल्या आहेराच्या यादीची ही धाकटी बहीण. मी त्या वहीला हसले, आणि ते चुकलंच माझं. ती म्हणाली, "तुम्हाला सोपं आहे, आई. वर्षभरात सतरा घरी ही जेवून आली आहे. शाळेच्या फाटकावर त्या सगळ्याजणी मला रोज भेटतात. मी आठ मुलं बोलावली तर उरलेल्या नऊजणींना काय सांगू, निसर्ग वाचवतेय म्हणून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही पुरतं नाही. नोकरी करणाऱ्या आईला शेजार आणि शाळा यांचाच आधार असतो. मुलाला बरं नसलं तर शाळेतून घेऊन येणारी हीच सतरा घरं. ते घेणं-देणं म्हणजे नुसता दिखावा, असं म्हणणं मला आता धारिष्ट्याचं वाटतं. आमच्या लहानपणी वाढदिवस तिथीनं व्हायचा. अभ्यंगस्नान, औक्षण, तीळ-गूळ घातलेलं दूध, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार, जेवायला काहीतरी गोड. सात चिरंजीवांची आठवण काढायची. बाहेरचं कुणी यायचं नाही. ते साधं होतं. पण तेव्हा भोवताली माणसं मुबलक होती, ती मुद्दाम गोळा करावी लागत नसत. आजच्या आईला ती हॉल भाड्यानं घेऊन गोळा करावी लागतात. हा फरक मला उशिरा कळला.

पण म्हणून ते सामान? महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला निघाली आणि जूनमध्ये तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली, ते बहुतेकांना आठवत असेल. भाजीवाल्याकडे पिशवी मागायची चोरी झाली होती. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्यांची यादी मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचली होती. फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यांवरचं आणि निमंत्रणपत्रिकांवरचं प्लास्टिकचं आवरण, गोळ्यांच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, पातळ बॅनर. कानातल्या काड्या आणि सिगारेटची पाकिटं सोडली, तर मला ती सरकारी यादी न वाटता कुणीतरी वाढदिवसाच्या खरेदीला जाताना केलेली यादी वाटली! ज्या घरात गणपती शाडूचाच हवा असा आग्रह असतो, त्याच घरात दोन महिन्यांनी हे सगळं सामान येतं. कुठून येतं ते विचारू नये. कागदी पेल्यांच्या आतही बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतोच, तेव्हा 'कागदाचे आहेत हो' या समाधानालाही फारसा अर्थ नाही.

हे सगळं जातं कुठे, हे पूर्व उपनगरांतल्या लोकांना सांगायला नको. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर दिवसचे दिवस घराघरांत शिरला होता. मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं. पण बंद झालं म्हणजे तिथला डोंगर नाहीसा झाला असं नव्हे. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी का तुंबलं याची जी अनेक कारणं निघाली, त्यांत गटारं चोंदवणाऱ्या पिशव्याही होत्या. त्या रात्री मुलगा कॉलेजातून चालत घरी आला होता, छातीभर पाण्यातून. तो आता फुग्यांचे दर विचारत होता.

मी मात्र फार शहाणपणा सांगण्याच्या जागी नाही. नातीच्या चौथ्या वाढदिवसाला 'परतभेट म्हणून रोप द्या' ही टूम माझीच होती. नर्सरीतून तीस रोपं आणली, प्रत्येकाला मुलाच्या नावाची चिठ्ठी लावली, कौतुक करून घेतलं. पंधरा दिवसांनी जिन्याखाली, कचऱ्याच्या डब्यांजवळ, त्यांतली सात मी स्वतः मोजली. वाळलेली, चिठ्ठ्यांसकट. आणि प्रत्येक रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दोष त्या आयांचा नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या खिडकीची एक खोली असणाऱ्याला ऊन लागणारं झाड देणं म्हणजे न विचारता कुत्र्याचं पिल्लू हातात ठेवण्यासारखं आहे. जीव भेट देताना आधी घर पाहावं लागतं.

त्याच वर्षी, कुणी न सांगता, आमच्या बाल्कनीतल्या कढीलिंबावर अळ्या आल्या. लहानपणी त्या अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी खात नाहीत. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून तांबडी-नारिंगी दोन शिंगं बाहेर काढतात आणि घाण वास सोडतात. नातीला हे कळल्यावर आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मी फोडणीसाठी पानं तोडायची तर तिची परवानगी घ्यावी लागे. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या या फुलपाखरांचाच एक मोठा, निळसर-काळा भाऊबंद २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झाला, राणी पाकोळी. आमच्याकडची त्या मानानं साधी. पण कोश फुटून ओलं फुलपाखरू बाहेर आलं आणि पंख वाळवत कुंडीच्या काठावर बसलं, तेव्हा ती पोर अर्धा तास हलली नाही. अर्धा तास! हॉलमधल्या जादूगारापुढे ती पाच मिनिटं बसत नाही.

मला तिथे पटलं की मुलाला निसर्गाची सजावट नको असते, ओळख हवी असते. आणि ओळख करून द्यायला कुणीतरी वेळ असलेलं माणूस लागतं. सलीम अलींची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, पण तिच्यातला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग निराळा आहे. मुंबईत वाढलेला लहान मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडतो. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका पाहून चक्रावतो. मामा त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडतात, आणि तिथले मिलार्ड नावाचे गृहस्थ त्या पोरासाठी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं एकामागून एक उघडतात. १९०८ च्या सुमाराची ही गोष्ट. मिलार्ड साहेब कामात असते आणि 'उद्या ये' म्हणाले असते तर? त्यांनी त्या मुलाला दिली ती वस्तू नव्हती, दुपार होती.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबरचा, १८९६ चा. आणि उभं आयुष्य रानात काढून मराठीला पक्ष्यांची, झाडांची कितीतरी नावं देणारे मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ चे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, तो या दोन वाढदिवसांमधला आठवडा. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. आमची नात बरोबर त्या आठवड्यात जन्मलेली. हे मी सुनेला सांगितलं, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तुमचं आधीच ठरलंय."

तडजोड अशी ठरली. सकाळी आठ मुलं, फक्त आठ, आणि आम्ही पाच मोठे असे राष्ट्रीय उद्यानात जायचं. तिथे केक नाही, गाणी नाहीत, खाणंही नाही. कारण पिशवी दिसली की माकडं येतात आणि माकडांना खायची सवय लावणं हे त्यांचं आणि आपलं दोघांचंही नुकसान आहे. जंगलात पार्टी करणं हे हॉलमध्ये जंगल करण्यापेक्षाही वाईट, यावर मी अडून बसले. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात बिल्डिंगमधली आणि शाळेतली येतील तेवढी मुलं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड आणि घरी केलेला केक. केकला माझा विरोध नाही. पाच वर्षांच्या मुलीला केकवाचून वाढदिवस म्हणजे शिक्षाच.

ताटांवरून पुन्हा वाद. स्टीलची ताटं आणायची हे मी बोलून गेले, आणि मुलानं बरोबर जागी बोट ठेवलं. "आणि घासणार कोण? मावशीच ना?" खरंच होतं. पर्यावरण आपण वाचवायचं आणि साठ ताटं मावशींनी घासायची, हा कुठला न्याय? बहुतेक घरांतलं निसर्गप्रेम असंच कुणा तरी दुसऱ्याच्या कमरेवर उभं असतं. शेवटी ठरलं की ताटं बाप लोकांनी घासायची. चार बाप कबूल झाले, प्रत्यक्षात तिघे आले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सुपारीच्या झाडाच्या पानांपासून केलेल्या थाळ्या किंवा पळसाच्या पत्रावळी आणाव्यात. केळीची पानं तर स्टेशनबाहेर मिळतातच.

त्या सकाळी आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षक आले होते. ओळखीचे, पक्ष्यांचं वेड असलेले. मुलांना त्यांनी एकच नियम सांगितला: बोट दाखवायचं, ओरडायचं नाही. पहिली दहा मिनिटं हा नियम कुणी पाळला नाही. मग शेपटीला दोन लांब तंतू लोंबणारा भृंगराज समोरून गेला आणि सगळे गप्प झाले. पुढे दोन झाडांमध्ये पिवळसर चमकणारं मोठं जाळं आणि मधोमध हाताच्या पंजाएवढी कोळीण. पावसाळ्यानंतर ही या जंगलात हटकून दिसते. जाळ्याच्या कडेला नखाएवढा एक कोळी दबकून बसला होता. "तो तिचा नवरा," शिक्षक म्हणाले. "एवढासा?" एका मुलानं विचारलं, आणि मोठ्यांत जो हशा पिकला त्यानं सगळा नियम मोडला.

पण खरी गंमत कान्हेरीच्या वाटेवरच्या उतारावर झाली. तिथे कारवी असते. कुडाच्या भिंतींसाठी जिच्या काठ्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या, तीच ही. सात वर्षं नुसती पानं, आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा, आणि मग झाड मरतं. इथे २०१६ मध्ये फुलली होती, नंतर २०२४ मध्ये. फुलांची बोंडं वाळून झाडावर राहतात, पुढच्या पावसाच्या सुमारास तडकतात आणि बी उडतं. म्हणजे आम्ही पाहत होतो ती खरखरीत, कातरलेल्या कडांच्या पानांची रोपं त्याच पावसाळ्यात रुजलेली, पाच-सहा महिन्यांची बाळं होती. शिक्षकांनी हे सांगितल्यावर नातीनं थोडा हिशेब केला.

"म्हणजे मी हिची ताई?"

"ताईच. आणि ही २०३२ मध्ये फुलेल, तेव्हा तू बारा वर्षांची होत असशील."

मग प्रत्येकाला आपण तेव्हा केवढे असू ते हवं होतं. एका मुलाला तोवर दाढी येईल का, हेही विचारून झालं. मला कुणी विचारलं नाही, मी माझा हिशेब मनात केला.

सगळ्यांना बोरिवली जवळ नाही, हे मान्य. पण मुंबईच्या उपनगरांइतकी चैन फार थोड्या शहरांना आहे. मुलुंड-घाटकोपरकरांच्या दाराशी ठाण्याची खाडी आहे. २०१५ मध्ये ती रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. हिवाळ्यात गुलाबी थवे बघायला ऐरोलीपर्यंत जावं, भांडुपच्या बाजूला खाडीकाठी पहाटे फिरावं. अंधेरीकरांना तर गिल्बर्ट हिल आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा उभा सुळका, आता चारी बाजूंनी इमारतींत अडकलेला. त्याच्या पायथ्याशी नेऊन मुलाला विचारावं, याच्या केकवर मेणबत्त्या किती लावायच्या?

संध्याकाळी आवारात चाळीस मुलं आलीच. संख्येच्या बाबतीत मी हरले. सजावटीला आंब्याची पानं आणि झेंडू, दुसऱ्या दिवशी सगळं सोसायटीच्या खतखड्ड्यात. लंगडी, लगोरी, विषामृत. निघताना प्रत्येकाच्या हातावर एक रव्याचा लाडू. एका मुलानं लाडू घेतला आणि दुसरा हात पुढे केला. "आणि?" मी म्हटलं, "आणि काही नाही, बाळा." त्यानं आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. ती बाई त्यानंतर सुनेशी दोन दिवस मोजकंच बोलली म्हणे. दुसऱ्या एकीनं मात्र त्या शिक्षकांचा फोन नंबर मागून घेतला.

निमंत्रणात 'भेटवस्तू आणू नयेत' असं लिहिलं होतं, तरी अकरा पुडकी आलीच. नको म्हटल्यावर रिकाम्या हातानं यायला लोकांना जड जातं. सुनेनं ती वहीत लिहून ठेवली. मी या वेळी हसले नाही.

आता डिसेंबरात त्या न बोलणाऱ्या बाईंच्या मुलाचा वाढदिवस आला आहे. हॉलमध्ये, डायनासोर थीम. नात उड्या मारते आहे, आणि आम्ही जाणार आहोत. सून वही घेऊन माझ्याजवळ बसली आणि तिनं विचारलं, "आई, यांच्याकडे काय न्यायचं?" त्या मुलाच्या घराला ऊन येतं का, एवढं मी तिला फोनवर विचारायला सांगितलं आहे.